फ्लॅटमधला थोरला

रविवार, ७ सप्टेंबर

कन्फ्यूशियस भेटला. म्हणजे बाइंडिंगला आला.

सेमिस्टर सुरू झालं, की आमच्या कॉपी सेंटरला प्रोफेसर लोकांची वाचन-पॅकेटं छापायला येतात. हे एका बाईंचं होतं. कन्फ्यूशियसचा आशियावर आणि बाकी जगावर पडलेला प्रभाव, अडीच हजार वर्षांचा. दोन भाग. पहिला भाग माझ्या शिफ्टला आला, दुसरा संध्याकाळच्या मुलीकडे गेला. भोकं पाडता पाडता मी पहिला भाग पूर्ण वाचला. स्पेलिंगच्या चुका होत्या, त्या पेन्सिलीनं दुरुस्त केल्या. बाईंनी सांगितलं नव्हतं. पण चूक दिसल्यावर गप्प बसणं मला जमत नाही.

दुसरा भाग वाचायची गरज वाटली नाही. पहिल्यावरून अंदाज येतो.

सार असं : जग बिघडतं, कारण आपली जागा कुठली हे कोणालाच माहीत नसतं. राजा-प्रजा, बाप-मुलगा, नवरा-बायको, थोरला भाऊ-धाकटा भाऊ, मित्र-मित्र. ही पाच नाती नीट लागली, की आधी घर लागतं, मग देश, मग जग. चीन, कोरिया, जपान, व्हिएतनाम सगळे यावरच उभे राहिले.

आमच्या फ्लॅटचं नेमकं हेच चुकतं आहे. सिंकमध्ये भांडी कोणाची, हे विचारायला थोरलं माणूसच नाही. म्हणजे आहे. मी आहे. पण तसं जाहीर झालेलं नाही.

बुधवार, १० सप्टेंबर

जाहीर केलं.

जेवणानंतर तिघांना हॉलमध्ये बसवलं. गिरीश, नागपूरचा, सिव्हिलमध्ये पीएचडी करतो, माझा रूममेट. आम्ही एमएसला एकत्रच आलो. मी तिसऱ्या सेमिस्टरनंतर अभ्यासाला विराम दिला. (गिरीश त्याला ड्रॉप-आउट म्हणतो. शब्द नीट वापरले पाहिजेत, हेही कन्फ्यूशियसनं सांगितलंच आहे.) दुसऱ्या खोलीत मिनजे आणि चेन. मिनजे कोरियाचा, मटेरियल्समध्ये. चेहऱ्यावरून दहावीतला वाटतो. चेन चीनमधल्या चेंगदूचा, स्टॅटिस्टिक्स, पंचविशीचा.

मी सत्तावीस. गिरीश सव्वीस. प्रश्नच नाही.

नियम वाचून दाखवले. सकाळी बाथरूम वयाच्या क्रमानं. फ्रिजचा वरचा कप्पा थोरल्याचा. गिरीशनं मला दादा म्हणावं. धाकट्यानं थोरल्याला तोंडावर नाही म्हणू नये. आणि महत्त्वाचं : घराची काळजी थोरल्यानं वाहावी, धाकट्यांनी त्यात पडू नये.

गिरीश म्हणाला, ओज्या, तुला ताप आहे का रे? चेन म्हणाला, की हे सगळं ऐकावं लागू नये म्हणून तर तो अमेरिकेत आला. मिनजे मात्र मान डोलवत शांत ऐकत होता. कोरियन माणसाच्या हे रक्तातच असतं.

शेवटी कोणी काही बोललं नाही. ठराव एकमतानं मंजूर.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

घर लागलं, आता ऑफिस. आमच्या मॅनेजर डॉना. त्या राजाच्या जागी, मी प्रजेच्या. त्या बसेपर्यंत मी उभा राहिलो. त्या दिवसभर बसत नाहीत. संध्याकाळी त्यांनी विचारलं, हनी, पाठ धरली आहे का, स्टूल आणून देऊ का?

कन्फ्यूशियसबद्दल सांगितलं. म्हणाल्या, अगं बाई, तो फॉर्च्यून कुकीवाला! (चिनी हॉटेलात बिलाबरोबर येणारं बिस्कीट, आत भविष्याची चिठ्ठी असते.) आणि एक विनोद सांगितला, जो मी इथं लिहिणार नाही. बाकी जगावरचा प्रभाव हा एवढाच. वाईट वाटलं.

मंगळवार, १६ सप्टेंबर

बाथरूमचा क्रम उत्तम चालू आहे. मी सावकाश आटोपतो, कारण घाई थोरल्याला शोभत नाही. चेन लॅबमध्ये दात घासतो म्हणे. त्याची निवड.

आज बसस्टॉपवर गिरीश माझ्या आधी चढत होता. त्याला डोळ्यांनी थांबवलं. मी चढलो, कार्ड शोधलं, ड्रायव्हरला गुड मॉर्निंग म्हटलं. तेवढ्यात बस भरली आणि दार बंद झालं. गिरीश खालीच. काचेतून काहीतरी बोलत होता. दादा असं ओठांवरून वाटलं नाही.

त्याचं क्विझ होतं, हे मला आधी सांगायला हवं होतं त्यानं.

रविवार, २१ सप्टेंबर

बाबांचा फोन. जर्सी सिटीहून दर रविवारी येतो. (माझं ग्रीन कार्ड त्यांच्यामुळे, हेही दर रविवारी ऐकतो.) पुन्हा तेच. म्हणाले, शिकत नाहीस, तर तिथं राहतोस कशाला? इथं घर आहे, माझ्या ओळखीत डेटा एंट्रीचं काम आहे, हॉलमधला सोफा उघडतो.

तो सोफा मला माहीत आहे. उघडतो, पण पुन्हा बंद होत नाही. आपणही त्याच्याबरोबर तसेच उघडे पडून राहतो, आणि सकाळी येणारा जाणारा विचारतो, काय मग, पुढं काय?

म्हटलं, बाबा, इथं माझ्यावर जबाबदारी आहे, घरात थोरला मीच आहे. ते म्हणाले, थोरला आहेस तर ठीक. पण पुढच्या ऑगस्टमध्ये हे लीज संपेल. तेव्हा कॅम्पसजवळ राहायला जागा असेल, तर पुन्हा कॉलेजचं बघ. नसेल, तर गपचूप निघून ये.

जागा असणारच. चौघं आहोत. जाणार कुठं?

रविवार, २८ सप्टेंबर

कन्फ्यूशियसचा वाढदिवस. पॅकेटमध्ये तारीख होती. तैवानमध्ये या दिवशी शिक्षक दिन असतो. मी चहा केला, सगळ्यांना दोन्ही हातांनी कप दिले आणि दोन शब्द बोललो.

काल फुटबॉलची मॅच होती, गावभर गर्दी, त्यामुळे तिघंही झोपेत. चेनला विचारलं, तुमच्याकडे आज काय करतात? तो म्हणाला, झोपतात. मग जरा जागा झाला आणि म्हणाला, की त्याच्यासाठी कन्फ्यूशियस म्हणजे शाळेच्या भिंतीवरचा दाढीवाला म्हातारा. घोकून पाठ करायचा. पण खरा कन्फ्यूशियस हवा असेल, तर माझ्या आईचा फोन ऐक. पहिलं वाक्य परीक्षा, दुसरं वाक्य परीक्षा, तिसरं वाक्य जेवलास का.

गिरीश म्हणाला, मग माझी आई नागपूरची कन्फ्यूशियस आहे. मिनजेही हसला. चेन म्हणाला, तेच ना, परीक्षा दिल्याशिवाय माणूस नाही, ही सगळी त्या म्हाताऱ्याची करणी. त्याच्या राज्यात वरती विद्वान, मग शेतकरी, मग कारागीर. परीक्षा पास झालेला सगळ्यांच्या वर. आपण तिघं त्यातूनच आलो.

आपण तिघं म्हणाला. मी समोर चहा ओतत होतो.

मी शांतपणे निदर्शनास आणलं, की खुद्द कन्फ्यूशियसलाही मनासारखी नोकरी मिळाली नव्हती. वर्षानुवर्षं गावोगाव फिरला. मग कप मीच विसळले.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा

गिरीशनं झेंडूऐवजी कुठलीतरी पिवळी फुलं आणली. बरा मुलगा आहे. मी कॉलेजला विराम दिला, तेव्हा मला घरात घेऊ या म्हणून बाकीच्या दोघांना त्यानंच सांगितलं होतं. आम्ही पहिल्या वर्षी एका पातेल्यात मॅगी खाल्ली आहे.

जेवताना म्हणाला, यार दादा, पुढच्या वर्षीच्या घराचं बोलायचं होतं.

त्याला तिथंच थांबवलं. घराची काळजी कोणाची? तो म्हणाला, थोरल्याची, पण. पण नाही. त्यानं निमूट वरण वाढून घेतलं. शिस्त मुरते आहे.

रेंटल ऑफिसची मेल आली आहे. इथं पुढच्या ऑगस्टचं घर आताच ठरवतात. याच फ्लॅटमध्ये राहायचं, तर चौघांच्या सह्या १४ नोव्हेंबरच्या आत हव्यात. मी ठरवलं आहे, एक छोटा समारंभ करायचा. आधी थोरल्याची सही, मग उतरत्या क्रमानं. पेन नवीन आणणार.

सोमवार, ६ ऑक्टोबर

कोरियन लोकांचा सण, छुसक. पितरांचा आणि नव्या पिकाचा. मिनजेनं तांदळाच्या उकडलेल्या, आत तिळाचं सारण भरलेल्या करंज्या आणल्या होत्या. चव आपल्या मोदकाच्या लांबच्या नात्यातली. त्याच्या लॅबमधला एक ज्युनिअर कोरियन मुलगा जेवायला आला होता.

त्या मुलानं बाटली दोन्ही हातांनी धरली. मी मनात म्हटलं, याला म्हणतात संस्कार, आणि माझा ग्लास पुढं केला. तो माझ्या ग्लासावरून वळसा घालून मिनजेकडे गेला. आधी त्याला ओतलं. मग स्वतः पिताना तोंड बाजूला वळवलं, मिनजेकडे पाठ करून.

मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, थोरल्यासमोर असंच पितात. मिनजे ह्योंग आहे ना, म्हणजे मोठा भाऊ. एकतीसचा आहे.

एकतीस.

गिरीशला इतका ठसका लागला, की चेनला त्याच्या पाठीत धपाटे घालावे लागले.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

दगा झाला.

एवढे दिवस मिनजे बाथरूमच्या रांगेत माझ्या मागं उभा राहिला. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात त्याचं किमची ठेवलं. आणि एका शब्दानं बोलला नाही. दोन वर्षं सैन्यात होता, मग कंपनीत होता, मग इथं आला. हे सगळं त्यानं लपवलं. मी विचारलं नव्हतं, हे खरं. पण एकतीस वर्षांच्या माणसानं एकतीस वर्षांचं दिसावं तरी.

त्याला म्हटलं, बोलला का नाहीस? तो म्हणाला, तू इतका खूश दिसत होतास.

गिरीश उगाच गाणी म्हणत भांडी घासतो आहे.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

विचार केला. तत्त्व मोठं, मी लहान. थोरला असताना मी आदर्श थोरला होतो. आता आदर्श धाकटा होऊन दाखवीन. त्यातच खरी परीक्षा. (ही परीक्षा मी पास होणार.)

सकाळी मिनजेसमोर दोन्ही हात जोडून वाकलो आणि सगळे अधिकार त्याच्या हाती दिले. वरचा कप्पा, बाथरूम, आणि घर. म्हटलं, ह्योंग, पुढच्या वर्षीच्या घराचा निर्णय आता तुमचा. जो घ्याल, तो मी एक शब्द न बोलता मान्य करीन.

त्यानं विचारलं, जो घेईन तो? म्हटलं, जो घ्याल तो. त्यानं पुन्हा विचारलं, एक शब्द न बोलता? मी आणखी खाली वाकलो.

त्याच्या चेहऱ्यावर मोठी सुटका दिसली. जबाबदारीची माणसं जबाबदारी मिळाल्यावर अशीच दिसत असावीत.

बुधवार, १५ ऑक्टोबर

धाकटेपण थोरलेपणापेक्षा दमवणारं आहे. ह्योंग जेवायला बसल्याशिवाय मी घास घेत नाही. तो बसतच नाही. लॅबमध्ये जेवतो म्हणे, हल्ली रोजच. मी काल वाट पाहिली आणि शेवटी थंड वरणभात खाल्ला.

आज त्याच्या मागून बसस्टॉपपर्यंत चाललो, दोन पावलं अंतर ठेवून. त्यानं वळून विचारलं, तुला काही हवं आहे का? म्हटलं, नाही. तो भराभर चालू लागला. मीही.

मंगळवार, २१ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन

गिरीशनं चकल्या केल्या. तुटल्या, पण केल्या. पणती लावायला फायर अलार्मची भीती, म्हणून बॅटरीचे दिवे.

तो माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, ओज्या, एक सांगू? घराबद्दल आहे. तू रागावशील, पण मला पोटात ठेवून झोप येत नाही यार.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, वेड्या, आता तो विषय ह्योंगचा. आपण धाकटे. त्यानं निर्णय घेतला असेल, तर योग्य वेळी सांगेल. त्याच्या आधी तू बोललास, तर त्याचा अपमान होईल.

गिरीशनं चकल्यांचं ताट पुढं ओढलं. मग म्हणाला, तुला खरंच ऐकायचं नाही ना? म्हटलं, नाही.

त्यानं सगळ्या चकल्यांतली एकच न तुटलेली होती, ती मला दिली. डोळ्यांत पाणी होतं. सणासुदीला घरची आठवण येते पोरांना.

रविवार, २ नोव्हेंबर

तिघं सकाळीच बाहेर गेले होते. तिघांची डिपार्टमेंट्स वेगळी, पण लॅबला एकत्र गेले. एकोपा वाढतो आहे, याचं श्रेय मी घेत नाही.

परतले, तर तिघांकडे एकसारख्या कापडी पिशव्या, त्यावर रेंटल ऑफिसचं नाव. मी म्हटलं, फुकट वाटत होते का, मला नाही आणली? चेन छताकडे बघायला लागला. गिरीशनं स्वतःची रिकामी केली आणि मला दिली. चांगल्या जाड कापडाची आहे. भाजीला होईल.

बाबांना फोनवर सांगितलं, घराचं काम ज्येष्ठ व्यक्तीकडे सोपवलं आहे. ते म्हणाले, कोण ज्येष्ठ? तूच होतास ना? नेटवर्क खराब आहे म्हणून ठेवला.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सह्यांची शेवटची तारीख. नवं पेन खिशात घेऊन दिवसभर फिरलो. ह्योंगनं अजून बोलावलं नाही. थोरली माणसं घाई करत नाहीत. बहुधा ऑफिसकडून मुदत वाढवून घेतली असेल. विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं. नाही विचारलं.

पेन मात्र चारदा कागदावर चालवून बघितलं. चालतं.

बुधवार, १९ नोव्हेंबर. दुपारी

सुट्टी होती. आंघोळ करून टॉवेलवर बाहेर आलो, तर हॉलमध्ये चार बायका.

एक रेंटल ऑफिसची, गळ्यात ओळखपत्र. तीन मुली, अठरा-एकोणीसच्या. ऑफिसची बाई म्हणाली, मेल पाठवली होती, आज फ्लॅट दाखवायचा आहे. मी म्हटलं, चूक होते आहे, आम्ही राहणार आहोत. ती म्हणाली, रिन्यूअल झालेलं नाही, कालच लिस्टिंगवर टाकला.

मी तिला समजावलं, की आमच्याकडे हा निर्णय थोरल्या भावाचा असतो, तो विचार करतो आहे. तिनं फोनवर काहीतरी बघितलं आणि आनंदानं म्हणाली, अरे, तुमच्या रूममेट्सनी सह्या केल्या आहेत ना! आमच्याच दुसऱ्या बिल्डिंगमध्ये, दोन तारखेलाच. थ्री-बेडरूम. मस्त युनिट आहे, अभिनंदन! मग तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिनं फोन खिशात ठेवला.

एक मुलगी माझ्या पलंगाची भिंत टेपनं मोजत होती. म्हणाली, इथं माझा आरसा बसेल.

टॉवेलवर माणूस फार काही बोलू शकत नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी

गिरीश आला. विचारलं.

तो दारातच बूट न काढता खाली बसला. म्हणाला, मी तुला दसऱ्याला सांगायला आलो, तू बोलू दिलं नाहीस. दिवाळीला आलो, तू बोलू दिलं नाहीस. आणखी काय करू, नोटीस चिकटवू? तूच म्हणालास, थोरल्याचा अपमान होईल. तूच म्हणालास, तोंडावर नाही म्हणू नये.

म्हटलं, ते राहू दे. मला का नाही घेतलं? तो म्हणाला, थ्री-बेडरूम आहे रे. म्हटलं, फोर-बेडरूम पण मिळतात. चौघांतून तीन मोजायला कोणी सुरुवात केली?

त्यानं एक बूट काढला. मग एकदम म्हणाला, मी केली. माझं क्विझ गेलं यार. चेन दोन महिने लॅबच्या नळावर दात घासतोय. मिनजे तुझ्या धाकानं घरी जेवत नाही, तू त्याच्या तोंडाकडे बघत बसतोस. मला मित्र पाहिजे होता, ओज्या, दादा मला नागपूरला आहे एक.

पाचवं नातं मित्राचं. पाचांपैकी तेवढंच एक, ज्यात थोरला-धाकटा नसतो. पहिल्याच भागात होतं ते. मी वाचलं होतं. मला ते किरकोळ वाटलं होतं.

तरीही दगा तो दगा. मॅगीचं पातेलं त्याचं होतं, पण मॅगी माझी होती.

शनिवार, २२ नोव्हेंबर

मिनजेला जाब विचारायचा ठरवलं. भाषण लिहून काढलं, दोनदा तपासलं. मुद्दा असा : थोरल्यानं धाकट्याला वाऱ्यावर सोडलं, म्हणजे नातं त्यानं मोडलं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. उभा राहून. मग म्हणाला, तुझं बरोबर आहे, मी सांगायला हवं होतं. पण मी वाट पाहत होतो. तुझ्या विरोधाची.

म्हटलं, धाकटा विरोध कसा करणार? तो चक्रावला. त्यानं चेनला हाक मारली. चेन म्हणाला, अरे, चुकत असलेल्या बापाला मुलानं सांगायचं असतं, राजाला मंत्र्यानं सांगायचं असतं, नाही सांगितलं तर ती मोठी चूक. ते तर त्या म्हाताऱ्याच्या मूळ शिकवणीत आहे. शाळेत घोकलंय मी.

म्हटलं, ते दुसऱ्या भागात असेल.

मिनजे म्हणाला, तू दोनदा सांगितलंस, एक शब्द न बोलता मान्य करीन. मला वाटलं, तुला अंदाज आला आहे, आणि तू आमची अडचण होऊ नये म्हणून आपणहून वाट मोकळी करतो आहेस. मला ते फार मोठं मन वाटलं. मी सोलला घरी आईला फोनवर सांगितलं.

म्हणजे सोलमध्ये एका बाईंच्या मनात मी फार मोठ्या मनाचा माणूस आहे. एवढंच माझं जगभरचं कार्य.

भाषणाचं दुसरं पान वाचलं नाही.

गुरुवार, २७ नोव्हेंबर. थँक्सगिव्हिंग

तिघं चेनच्या बहिणीकडे गेले. मला बोलावलं होतं. गेलो नाही. मी त्यांच्या मागं मागं फिरतो, असं कोणाला वाटू नये. आमंत्रण होतं, पण तरी.

कॅम्पसच्या बसेस बंद. गाव रिकामं. घरात सगळे कप्पे माझे, बाथरूम माझं, आधी-नंतर काही नाही. सकाळी अर्धा तास आंघोळ केली. बाहेर कोणीच थांबलेलं नव्हतं. मजा आली नाही.

ऑगस्टपर्यंत याच तिघांबरोबर राहायचं आहे. कसं, ते पॅकेटमध्ये नव्हतं. म्हणजे पहिल्या भागात नव्हतं.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. सोफा डोळ्यांसमोर येतो.

शनिवार, ६ डिसेंबर

एक खोली सापडली! कॅम्पसपासून दोन स्टॉप लांब. तीन अंडरग्रॅड मुलं, चौथा शोधत आहेत. बघून आलो. वय विचारलं नाही, सांगितलं नाही. बूट काढून ठेवले, कोचावर शेवटी बसलो. एकजण चुकीचं व्याकरण बोलत होता. सोडून दिलं. आयुष्यात पहिल्यांदा.

त्यांची एकच अट. आधीच्या रूममेट्सपैकी कोणीतरी दोन ओळी लिहून द्याव्या, की मी राहायला कसा आहे.

म्हटलं, अडचण काहीच नाही.

रविवार, ७ डिसेंबर

गिरीशला विचारायचं नाही. स्वाभिमान आहे. चेनला विचारावं. पण चेनचे दात आठवतात. मिनजेला विचारलं, तर तो माझ्या मोठ्या मनाबद्दल लिहील आणि ते जास्त वाईट.

संध्याकाळी गिरीशला विचारलं. भांडी घासता घासता, त्याच्याकडे न बघता. तो म्हणाला, लिहितो ना यार, लगेच लिहितो.

म्हटलं, खोटं लिहू नकोस. तो म्हणाला, तू वाच आणि मग बोल.

मंगळवार, ९ डिसेंबर

त्यानं लिहून दिलं. पूर्ण पानभर.

लिहिलं आहे : ओजस भाडं कधी चुकवत नाही. दुसऱ्याचं दूध विचारल्याशिवाय घेत नाही. मागच्या हिवाळ्यात मला फ्लू झाला, तेव्हा त्यानं सलग आठवडाभर मुगाची खिचडी करून दिली आणि कामावर जाताना माझ्या उशाशी पाणी भरून ठेवलं. घरात कोण उदास आहे, हे त्याला सगळ्यांत आधी कळतं, फक्त त्यावर काय करावं हे त्याला कळत नाही. तो घराला घर समजतो. असा रूममेट मला परत मिळणार नाही.

एकही चूक नव्हती. मी दोनदा बघितलं.

बुधवार, १० डिसेंबर

त्या मुलांना पत्र नेऊन दिलं. तिघांनी आळीपाळीनं वाचलं. त्यांतला मोठा (एकवीस, त्यानंच सांगितलं) म्हणाला, वाव. मग पत्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, तू एवढा चांगला आहेस, तर त्यांनी तुला नवीन घरात नेलं का नाही?

म्हटलं, ते थ्री-बेडरूम आहे.

ते एकमेकांकडे बघून म्हणाले, ओके, कळवतो.